नाव न घेतलेला वार

जुमाच्या, म्हणजे शुक्रवारच्या, दिवशी शाळेत जी शोभा झाली, तिचा निवाडा करण्यासाठी मी रविवारी दुपारी सगळ्यांना जेवायला बोलावले. बोलावले हा शब्द मी सौजन्याने वापरते आहे; माझ्या घरात बोलावणे आणि हजर होणे यांत फारसे अंतर कधीच नव्हते. मुलगी क्लारा राजधानीहून सहा तासांचा रस्ता तुडवून आली. धाकटा सगिन मधमाश्यांच्या अर्ध्या पेट्या डोंगरावरून उतरवून अर्ध्या तिथेच टाकून आला. आणि थोरला जुमाकादिर, ज्याचे घर माझ्या कुंपणाला लागून आहे, तो सर्वांत उशिरा आला.

ज्या शाळेवर मी एकतीस वर्षे राज्य केले, तिथे सगिनची बायको मेरिम वर्षभर प्रभारी मुख्याध्यापिका होती. जुमाकादिर तिथेच इतिहास शिकवतो आणि वीस वर्षे उपमुख्याध्यापक आहे. मेरिमचे उमेदवारीचे वर्ष संपले होते. तिला कायम करायचे की नाही, हे ठरवण्यापूर्वी जिल्ह्याच्या शिक्षण खात्याचे तिघे जण पालकांचे म्हणणे ऐकायला जुमाला येणार होते. ते आले. सभागृहात दीडशे खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि त्यांवर चार माणसे बसली होती: एक ठार बहिरे आजोबा, दोन आया, आणि चौथा शाळेला कोळसा विकायला आलेला गृहस्थ. उरलेले पालक दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ठेवणीतले कपडे घालून आले आणि कुलूप बघून घरी गेले.

हे कसे झाले ते गावात सर्वांना ठाऊक होते, आणि निम्मे गाव हसत होते.

सुनेने सासरच्या थोरांची नावे उच्चारायची नाहीत. नावेच काय, नावात दडलेला शब्दही ओठांवर आणायचा नाही. माझ्या धन्याचे नाव माझ्या तोंडून त्यांच्या मृत्यूनंतरही निघालेले नाही. आता माझा थोरला जन्मला जुमाच्या पहाटे, म्हणून तो जुमाकादिर. परिणामी मेरिम अठरा वर्षांपूर्वी या उंबऱ्याच्या आत आली, त्या दिवशी तिच्या आठवड्यातून एक वार वजा झाला. जुमाला ती ‘बाजारचा दिवस’ म्हणू लागली. गावचा बाजार त्याच दिवशी भरत असल्यामुळे कुणाचे काही अडले नाही. पण या सप्टेंबरात पुलाची डागडुजी निघाली आणि बाजार शनिवारवर गेला. बाजार हलला, मेरिमची जीभ हलली नाही. बुधवारी जिल्ह्याच्या गावाहून तिने शाळेतल्या कारकून कुंदुजला फोनवर सांगितले, ‘पालकसभा बाजारच्या दिवशी. घरोघरी कळव.’ कुंदुजने कळवले. मेरिम परतली ती थेट जुमाच्या सकाळी, खात्याच्या गाडीतून, तिघा अधिकाऱ्यांसह.

खात्याने एक संधी दिली होती: पुढचा जुमा. त्या दिवशीही फजिती झाली, तर खुर्ची जाणार. आणि जाणार ती कुणाकडे, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मी पहिला बोर्सोक, तळलेल्या कणकेचा गोळा, मोडला आणि म्हणाले, “बोला.”

क्लारा वाटच पाहत होती; आईला आमच्याकडे आपा म्हणतात. “आपा, मला बोलायला लाज वाटते. बाईला वाराचं नाव घेता येत नाही म्हणून तिची नोकरी घालवायची? शहरात सांगितलं तर लोक माझ्याकडे बघत राहतील.”

“तू तर नवऱ्याला नावानेच हाक मारत होतीस,” मी म्हणाले. “तरी गेलाच ना?”

क्लाराने दीर्घ श्वास घेतला आणि मुरंब्याची वाटी स्वतःकडे ओढली. माझी मुलगी आहे. तिला फार लागत नाही.

जुमाकादिरने घसा साफ केला. हा त्याचा वर्गातला आवाज. “मी खुर्चीसाठी हपापलेलो नाही, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण खात्यानं विचारलं तर नाही कसं म्हणायचं? शेवटी शाळेचा प्रश्न आहे.”

“खात्यानं अजून विचारलं नाही, दादा,” सगिन म्हणाला.

“विचारतील.”

“आणि तू उत्तर तयार ठेवलंयस.”

“सगिन,” मी म्हणाले.

“मी काय वाईट बोललो, आपा? माझं तर म्हणणं आहे, हिनं सोडावीच. सकाळी सातला जाते, संध्याकाळी येते ती वह्या घेऊन. माश्या तरी थंडीत पेटीत बसतात. रसायनशास्त्र शिकव, घरी ये. दादाला हवी तर दादाला घेऊ दे.”

बाक्तिगुलने, माझ्या थोरल्या सुनेने, मान डोलावली. “वीस वर्षं दुसऱ्यांची वेळापत्रकं लावण्यात गेली यांची. आता एकदा मान मिळाला तर बिघडलं कुठं?”

म्हणजे दस्तरखानाच्या, जेवणाच्या चादरीच्या, एका बाजूला तिघे झाले आणि दुसऱ्या बाजूला एकटी क्लारा. जिच्याबद्दल हे चालले होते ती समोवारपाशी गुडघे दुमडून बसली होती, प्याल्या भरत होती, आणि ज्याची प्याली रिकामी होईल त्याच्याकडे तिचा हात मान वर न करताही पोहोचत होता.

“तू काय म्हणतेस?” क्लाराने तिला विचारले.

“चूक माझी होती, वन्सं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“मग घे दादा तू खुर्ची,” क्लारा चिडून म्हणाली. “जिला स्वतःची बाजू मांडता येत नाही, ती चारशे पोरांची काय मांडणार!”

आता तिकडे चौघे झाले. मी माझे मत राखून ठेवले होते. मत उशिरा देणाऱ्याचेच मत राहते, हे मी निरनिराळ्या सरकारांच्या काळात पाहिले आहे. पण खरे सांगायचे तर त्या क्षणापर्यंत मी मेरिमवर नाराज नव्हते. ती प्रभारी झाली त्या आठवड्यात मीच तिला बजावले होते, “शाळेत थोरले दीर आहेत, हे विसरायचं नाही.” ती विसरली नव्हती. शिक्षकसभेत ती सर्वांना स्वतः चहा ओतत असे. जुमाकादिर बसेपर्यंत उभी राही. निर्णय ती घेई, जाहीर तो करी. वर्षभरात तिने बंद पडलेली प्रयोगशाळा उघडली, पहिल्या हिमापूर्वी बॉयलर सुरू केला, उशिरा येणाऱ्या शिक्षकांना वेळेवर आणले; आणि गाव म्हणे, जुमाकादिरने शाळा सुधारली. मी ते ऐके आणि मला दोघांचेही कौतुक वाटे. सून असावी तर अशी, आणि मुलगा असावा तर असा.

मांस आले. हाडे मानाप्रमाणे वाटली गेली: शेपटाकडचे मला, मांडीचे जुमाकादिरला, छातीचे सुनांना. जेवण झाल्यावर मेरिमने पुन्हा चहा ओतायला घेतला. आणि तेव्हा ते घडले.

आमच्याकडे चहा अर्धीच प्याली ओततात. अर्धी प्याली म्हणजे बसा, गार होऊ देऊ नका, मी पुन्हा भरते आहे. काठोकाठ भरलेली प्याली पाहुण्यापुढे ठेवली, की त्याने ती पिऊन चालू लागायचे असते. पाच वर्षांच्या मुलीलाही हे कळते. मेरिमने जुमाकादिरची प्याली काठापर्यंत भरली, आणखी एक थेंब पडला असता तर सांडली असती इतकी, आणि दोन्ही हातांनी, मान लववून, त्याच्यापुढे ठेवली.

सगिनने तोंडाकडे नेलेला बोर्सोक खाली ठेवला.

‘हात चुकला का गं?’ असे मी तिला पुढे एकदा एकटीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “नाही, आपा. तोंड बंद होतं, म्हणून हात बोलला.” कुंदुजने तिला जुमाच्याच दुपारी रडत रडत सगळे सांगितले होते. ते दोन दिवस ती पोटात घेऊन फिरत होती. सांगावे तर थोरल्या दिरावर आरोप, न सांगावे तर शाळा हातची जाते. प्याली भरताना तिने मनाशी म्हटले होते: कुणाला कळलं तर कळो.

कळले ते बाक्तिगुलला.

बुधवारी बाक्तिगुल लोणच्यासाठी कोबी चिरत बसली होती, तेव्हा त्यांच्या घरचा फोन वाजला होता. नवऱ्याचे बोलणे तिने ऐकले. फोन ठेवल्यावर तो किंचित हसला, तेही तिने ऐकले. तीस वर्षांच्या संसारात तिने त्याचे सर्व प्रकारचे हसणे ऐकले होते. हे त्यांतले नव्हते. तिने सुरी खाली ठेवली, पुन्हा उचलली, आणि कोबी चिरत राहिली. मुख्याध्यापकाची बायको व्हायला कुणाला आवडणार नाही? पण तेव्हापासून तिच्या तोंडाला चव नव्हती, आणि आता ती काठोकाठ प्याली तिच्या नवऱ्यापुढे होती, आणि तो तिच्याकडे पाहत नव्हता.

“आपा,” ती म्हणाली, “बुधवारी कुंदुजचा फोन आमच्या घरी आला होता.”

“बाक्तिगुल!” जुमाकादिर म्हणाला.

“मी कुणाचं नाव घेतलेलं नाही,” बाक्तिगुल शांतपणे म्हणाली. “फोन मुलांच्या वडिलांनी घेतला, एवढंच सांगतेय. कुंदुजनं विचारलं, बाजारचा दिवस म्हणजे आता शनिवारच धरायचा ना? मुलांचे वडील म्हणाले, मॅडम म्हणाल्या तसं लिही.”

सगिन सावकाश भावाकडे वळला. “तुला माहीत होतं. जगात कुणाला नाही कळलं तरी तुला कळायला हवं. तुझ्या नावापायीच ती तो वार बोलत नाही!”

“मी खोटं काही बोललो नाही.”

“इतिहासाचा मास्तर,” मी म्हणाले, “आणि तारीख चुकू देतो!”

तो लाल झाला. माझा थोरला दुष्ट नाही, हे मी आई म्हणून नव्हे तर त्याची मुख्याध्यापिका म्हणून सांगते. तो माझ्या हाताखाली अकरा वर्षे होता. बुधवारी फोन हातात असताना त्याच्या मनात कट नव्हता. ‘बघू या,’ एवढाच शब्द होता. बघू या, माझ्यावाचून हिचं कसं चालतं. वर्षभर दुसरीचे निर्णय स्वतःच्या आवाजात वाचून दाखवता दाखवता त्याला ते आवाज आणि निर्णय दोन्ही आपलेच वाटू लागले होते. आणि जुमाच्या सकाळी ते चार जण दीडशे खुर्च्यांत बसलेले पाहिल्यावर त्याला हसू आले नव्हते. तो मागच्या दाराने बॉयलरखोलीत जाऊन बसला होता.

मला जे कळायचे ते कळले. मी प्याली पालथी घातली. “ठीक आहे. उद्याच्या शिक्षकसभेला मी येते. जुमाकादिर, तू सर्वांसमोर उभा राहशील आणि सांगशील की—”

“नाही.”

हे मेरिम म्हणाली. इतक्या हळू, की मला वाटले समोवार बोलला.

“काय म्हणालीस?”

“तुम्ही येऊ नका, आपा.” किटली तिच्या हातातच होती, पण मान वर होती. “चूक कुंदुजची नाही. थोरल्या भाऊजींची एकट्यांचीही नाही. मी काय म्हणतेय ते कळायला कारकुनाला दुसऱ्याला विचारावं लागतं, अशी शाळा मी चालवली. वर्षभर चालवली. घरच्यासारखी. चूक माझी म्हणाले, ती ही.”

“बरं. मग मी तुझीच बाजू घेतेय की!”

“घेऊ नका. उद्या तुम्ही येऊन भाऊजींना बोललात, तर परवापासून शिक्षक तुमच्याकडे यायला लागतील. शाळेचं आहे, शाळेत मिटवीन. जेवणावर नको.”

क्लाराने मुरंब्याचा चमचा तोंडात तसाच धरला होता.

“आणि बोलणार कशी त्याच्याशी?” मी विचारले. “खुणांनी?”

“नावानं.”

“मी परवानगी दिली तर.”

“घरात तुमचीच परवानगी, आपा. घरात मी मरेपर्यंत नाव घेणार नाही. त्यात मला कमीपणा नाही. पण शाळेच्या फाटकाच्या आत माझं सासर नाही.”

या घरात यापूर्वीही भांडणे झाली आहेत. माणसे दार आपटून गेली आहेत, दोनदा बशा फुटल्या आहेत. पण मला माझ्याच शाळेच्या फाटकाबाहेर कुणी ठेवले नव्हते. मग सगिन उठला, वळसा घालून समोवारपाशी गेला आणि बायकोच्या हातून किटली काढून घेतली.

“बस जरा,” तो म्हणाला. “ओततो मी. आणि मघाशी मी सोड म्हणालो ना, ते सोड.”

“अर्धीच ओत रे बाबा,” क्लारा म्हणाली, “नाहीतर सगळे उठून जायचे,” आणि बाक्तिगुलला इतके हसू लोटले की तिने स्कार्फच्या टोकाने तोंड झाकले. जुमाकादिर हसला नाही. त्याने ती भरलेली प्याली उचलली, एका दमात, गरम असतानाच, पूर्ण प्यायली आणि घरी गेला. रिवाज त्यालाही कळत होता.

मी बाहेर अंगणात आले. सफरचंदे खोक्यांत भरायची होती. मी ती मोठी, मध्यम, डागी अशी निवडू लागले, कारण रागात असताना मला काहीतरी वर्गवारी करावी लागते. माझ्या सुनेने मला, माझ्याच दस्तरखानावर, ‘येऊ नका’ म्हटले होते. शाळेचे फाटक मी बसवले होते. त्याच्या आत कुणाचे काय असावे हे ती मला सांगणार!

डागी सफरचंदांचे खोके निम्मे भरले, तेव्हा मला दुइशेन काका आठवले. आठवले म्हणणे बरोबर नाही. मी ते विसरायची व्यवस्था करून ठेवली होती. मी चौतीस वर्षांची असताना मुख्याध्यापिका झाले. शाळेचा बॉयलर सासऱ्यांचे सख्खे धाकटे बंधू, हेच दुइशेन काका, सांभाळत, आणि जानेवारीत ते पिऊन झोपले आणि नळ फुटले. मी सर्व कामगारांसमोर त्यांना नावाने, वडिलांच्या नावासकट, उभे केले होते. सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. महिना संपल्यावर त्यांनी माझ्यापुढे भाकरी ठेवली आणि विचारले, ‘नळ दुरुस्त झाले का?’ बस्स. त्यानंतर तो विषय या घरात निघाला नाही, आणि मी मुलांना नेहमी हेच सांगत आले की मी रिवाज कधी मोडला नाही.

मी सफरचंदांवर गोणपाट टाकले आणि आत गेले. मेरिम भांडी विसळत होती. मी म्हणाले, “उद्या केस घट्ट बांध. सैल बांधलेस की तू शिकवणीच्या मुलीसारखी दिसतेस.” ती म्हणाली, “बरं, आपा.” आम्हा दोघींनाही एवढे पुरेसे होते.

सोमवारच्या सभेला मी गेले नाही. हे माझ्या आयुष्यातले एक अवघड काम होते, हे इथे नमूद करते. जे कळले ते कुंदुजकडून आणि पुढे जुमाकादिरकडून.

सव्वीस शिक्षक जमले. टेबलावर किटली आणि प्याल्या होत्या. मेरिम आली, टेबलाच्या डोक्याशी असलेल्या खुर्चीत बसली. जुमाकादिर अजून उभा होता, ती बसली; मग तो बसला. शिक्षक प्याल्यांकडे पाहू लागले.

“चहा ज्याचा त्यानं घ्या,” ती म्हणाली. “वेळ थोडा आहे.” आणि मग कागदावरून मान वर करून: “जुमाकादिर कल्मातोविच.”

एका दमात दोन नावे. दिराचे, आणि त्यातच सासऱ्याचे; ते मी इथे लिहिते आहे, उच्चारत नाही. गावातल्या सगळ्याच स्त्रिया कुणाच्या ना कुणाच्या सुना. त्यांतल्या एकीच्या हातून चमचा पडला. म्हातारे भूगोलाचे शिक्षक पुटपुटले, “अल्लाह!”

“पुढची पालकसभा जुमाला,” मेरिम म्हणाली. “सगळ्यांनी ऐकलं? जुमाला. जुमाकादिर कल्मातोविच, बुधवारी तुम्हाला शंका आली होती. तुम्ही ती मला विचारली नाही. उपमुख्याध्यापकाचं पहिलं काम तेच आहे. यापुढे माझे निर्णय मी सांगेन. चुकले तर माझ्या नावावर चुकतील. तुम्हाला माझ्याबरोबर काम करायचं नसेल तर दुपारपर्यंत लेखी द्या, मी राग धरणार नाही. करायचं असेल, तर एकशे चाळीस घरं आहेत आणि चार दिवस आहेत. निरोप तुम्ही स्वतः द्यायचा, दारात उभं राहून.”

जुमाकादिर पुढे मला म्हणाला, “आपा, तिच्या तोंडून माझं नाव मी कधी ऐकलंच नव्हतं. मला वाटलं बाबांनीच हाक मारली. गुडघे आपोआप सरळ झाले.” अपमान वाटला का, असे मी विचारले. “वाटला. पण त्याच्याबरोबर काहीतरी मोकळंही झालं. वर्षभर मला कुणी काम सांगितलं नव्हतं. सगळे नुसता मान देत होते.”

तो सभेत उठला आणि म्हणाला, “बरं...” आणि अडकला. कारण अठरा वर्षे तो तिला सूनबाई म्हणत आला होता, आणि आता त्याच्या ध्यानात आले की तिला शाळेत काय म्हणायचे हे त्याला माहीतच नाही. सव्वीस जण त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

“असानोव्ना,” कुंदुजने मागून हळूच मेरिमच्या वडिलांचे नाव पुरवले.

“बरं, मेरिम असानोव्ना,” जुमाकादिर म्हणाला. “जातो मी घरोघरी.”

तो गेला. घोड्यावरून गेला, कारण वरच्या आळीत गाडी चढत नाही. प्रत्येक दारात त्याला चहा घ्यावा लागला, आणि प्रत्येक दारात कुणीतरी विचारले, ‘गुरुजी, जुमा म्हणजे नक्की कुठला जुमा?’ आणि निम्मी आळी हसली. तिसऱ्या दिवशी तो स्वतःही हसू लागला. “मीच सांगतो,” तो म्हणे. “जुमा म्हणजे मी. ज्या दिवशी मी येईन तो.” चौथ्या दिवशी त्याने घरोघरच्या तक्रारींची यादी मेरिमच्या टेबलावर ठेवली: कुणाच्या मुलाला फळा दिसत नाही, कुणाची मुलगी वाटेतल्या कुत्र्याला घाबरून शाळा चुकवते. वीस वर्षांत शाळेने हे कुणाला विचारले नव्हते. मीही नाही. मेरिमने यादी वाचली, आणि बाक्तिगुल सांगते की त्या दिवशी तो घरी आला तो शीळ वाजवत.

जुमा उजाडला. सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. व्यायामशाळेतले बाक आणावे लागले. मी सहावीतल्या नातीची आजी म्हणून गेले आणि बाक्तिगुलसह तिसऱ्या रांगेत बसले. खात्याच्या मुख्य तपासणी अधिकारी, गुल्बारा इसायेव्ना, यांनी मागच्या आठवड्यात त्या चार जणांना मोजले होते. आता त्या मोजायच्या थांबल्या. मेरिमने केस घट्ट बांधले होते. “प्रत्येकाला तीन मिनिटं,” ती म्हणाली. “तक्रार असली तरी, स्तुती असली तरी.”

लोक बोलले. कुत्र्याला घाबरणाऱ्या मुलीचे वडील बोलले. एका बाईने स्वयंपाकघराच्या लापशीवर टीका केली. मेरिमने ती लिहून घेतली आणि सोमवारी उत्तर देते म्हणाली. मग मी उभी राहिले. मला कुणी सांगितले नव्हते, पण शाळेबद्दल बोलायला मला कुणी सांगावे लागत नाही. मी सुरुवातीपासून सुरुवात केली: पहिली इमारत, मातीच्या भिंती, एका शेगडीभोवती तीन वर्ग. मग नवी इमारत, विटा कुठून आल्या, छपराचे पत्रे कुणी अडवले, ते मी कसे सोडवले. माणसे लक्ष देऊन ऐकत होती. मी बॉयलरपाशी पोहोचत होते, आणि खरे म्हणजे तिथेच मला आजच्या मुख्याध्यापिकेबद्दल चार चांगले शब्द बोलायचे होते.

“ऊल्कान मामबेतोव्ना,” व्यासपीठावरून आवाज आला.

दाराशी उभ्या जुमाकादिरने टोपी काढली, का ते त्यालाही सांगता येणार नाही. माझे नाव, माझ्या वडिलांच्या नावासह, माझ्या सुनेच्या तोंडून. माझे धनी गेल्यापासून आणि माझ्या वयाच्या मैत्रिणी एकामागून एक गेल्यापासून मला त्या नावाने हाक मारणारे गावात उरले नव्हते. मी आपा होते, आजी होते, थोरल्या बाई होते.

“तुमची तीन मिनिटं झाली,” मेरिम म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक होता, आवाज मात्र स्थिर. “कृपया बसा.”

गुल्बारा इसायेव्नांनी वहीत काहीतरी लिहिले, आणि लिहिताना त्या हसत होत्या हे मी तिसऱ्या रांगेतूनही पाहिले. बाक्तिगुलने माझी बाही ओढली. “आपा, बसा ना,” ती कुजबुजली. “पुढचा नंबर माझा आहे. मी सकाळपासून पाठ करतेय.”

नेमणुकीचे पत्र पुढल्या आठवड्यात आले, पण ते वाचण्यासाठी मी चष्मा शोधायची घाई केली नाही; त्यातले मला त्या सभेतच कळले होते. एकतीस वर्षांत त्या सभागृहात मंत्री बोलले, सचिव बोलले, आणि वेळ संपल्यावर त्यांना थांबवायची हिंमत माझ्याखेरीज कुणाला झाली नव्हती. आता ती दुसऱ्या कुणाकडे होती. त्या जुमाला मी स्कार्फ सारखा केला आणि बसले. पाठ ताठ, हात मांडीवर, जसे मी या गावातल्या तीन पिढ्यांना बसायला शिकवले होते.